रशिया, युक्रेन, कझाकस्तानातली विषमता: बातम्यांतले आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

उपसंपादक_रात्रपाळी

सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथली संपत्ती कुणाच्या हातात गेली, यावर मराठीत एक मोठा लेख तयार होतो आहे. लेखकानं दिलेले आकडे असे:

रशियात ११० अब्जाधीशांकडे देशातल्या सगळ्या कुटुंबांच्या संपत्तीपैकी ३५ टक्के (क्रेडिट स्विस या बँकेचा अहवाल, २०१३).
रशियाचा गिनी (विषमतेचं मोजमाप: शून्य म्हणजे सगळे समान, आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) एका ठिकाणी ०.४०, दुसऱ्या ठिकाणी ३६.
युक्रेनचा गिनी २५.६ आणि बेलारूसचा २४.४. म्हणजे दोन्ही देश स्वीडनपेक्षा समान!
कझाकस्तानात १६२ माणसांकडे निम्मी संपत्ती.
सिबनेफ्त ही तेल कंपनी १९९५ मध्ये १० कोटी डॉलरला गेली आणि २००५ मध्ये सरकारी गाझप्रोमनं ती १३ अब्जांना परत घेतली. लेखात शब्द आहे "१३० पट".

हे पाचही आकडे एका चौकटीत टाकायचे आहेत. यातला कुठला आकडा खोटा आहे? आणि तिथल्या वर्तमानपत्रांवर, वाहिन्यांवर कितपत विसंबायचं? "सावधपणे वापरा" एवढं सांगून भागणार नाही. काय तपासायचं आणि कुठं, ते हवं आहे.

छेदस्थानी

चौकट करूच नका. एकही आकडा बनावट नाही, पण पाचही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि शेजारी शेजारी छापले की वाचक त्यांची तुलना करणारच.

३५ टक्क्यांचं आधी बघू. टक्केवारी आली की अंश आणि छेद आले. इथला अंश अब्जाधीशांच्या यादीवरून येतो: कंपनीतला हिस्सा गुणिले त्या दिवसाचा शेअरभाव, वजा माहीत असलेलं कर्ज. छेद म्हणजे रशियातल्या सगळ्या कुटुंबांची एकूण संपत्ती. तिची धड पाहणीच उपलब्ध नव्हती. मग दुसऱ्या देशांच्या आकडेवारीवरून समीकरण बसवून अंदाज काढला आणि तो डॉलरमध्ये मांडला. थोडक्यात, अंशात बाजारभाव आणि छेदात अंदाज.

छेद डळमळीत का, याला रशियातलं खास कारण आहे. ४ जुलै १९९१ च्या कायद्यानं लोक राहत होते ते सरकारी फ्लॅट त्यांच्या नावावर फुकट करून घेता आले. त्यामुळे घरमालकांचं प्रमाण आज ८० टक्क्यांच्या वर आहे. उलट बँकेतली बचत १९९२ मध्ये संपली. २ जानेवारीला भाव मोकळे झाले आणि वर्षभरात महागाई सुमारे २५०० टक्के झाली. म्हणजे खालच्या अर्ध्या लोकांची संपत्ती म्हणजे जवळजवळ फक्त तो फ्लॅट. त्याची किंमत काय धरायची? मॉस्कोत तो लाखो डॉलरचा, आणि व्होर्कुतासारख्या ओस पडत चाललेल्या खाणगावात जवळजवळ फुकट. इथं गृहीतक थोडं हललं की छेद हलतो, आणि ३५ चे ३० किंवा ४० होतात.

म्हणून आकडा टाकून द्यायचा का? नाही. त्याच अहवालात म्हटलं होतं की जगभरात अब्जाधीशांचा वाटा १ ते २ टक्के असतो. १ ते २ कुठं आणि ३५ कुठं! चूक कितीही धरली तरी एवढी दरी बुजत नाही. आकड्याची पातळी हवी तर वापरा, त्याची अचूकता मात्र नको.

तपासायचा सोपा मार्ग: "एकूण संपत्तीपैकी" असं दिसलं की एकूण किती, ती कुणी मोजली, कुठल्या चलनात आणि कुठल्या तारखेला, हे चार प्रश्न विचारा. चारांपैकी दोनांची उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा शीर्षकात जाणार नाही.

अवांतर: जानेवारी २०१७ मध्ये आपल्या पेपरांनी "भारतात १ टक्क्याकडे ५८ टक्के संपत्ती" हे ऑक्सफॅमच्या नावानं छापलं होतं. तो आकडाही क्रेडिट स्विसच्याच तक्त्यातला. २०१६ च्या त्याच तक्त्यात रशिया ७४.५ वर होता. पद्धत तीच, त्यामुळे दोषही तेच.

पाहणीवाला

गिनीबद्दल. सगळ्यात आधी मोजपट्टी. रोस्स्टॅट, म्हणजे रशियाचं सांख्यिकी खातं, ० ते १ वापरतं आणि जागतिक बँक ० ते १००. ०.४० आणि ३६ शेजारी छापले तर वाचकाला काय कळणार? दोन्ही एका पट्टीवर आणा: ४० आणि ३६.

आता हा चारचा फरक. रोस्स्टॅट देशाचं सरासरी उत्पन्न घेतं, कुटुंब पाहणीतून वाटपाचा अंदाज घेतं आणि त्यावर गणिती वक्र बसवतं, म्हणजे पाहणीत न सापडलेल्या वरच्या टोकाची काही भरपाई वक्र करतो. जागतिक बँक पाहणीतल्या कुटुंबांची नोंद थेट वापरते, त्यामुळे तिचा आकडा खाली येतो. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघांकडेही खरा धनाढ्य नाही. पाहणी करणारा माणूस मॉस्कोलगतच्या रुब्ल्योव्हका या श्रीमंत वस्तीतल्या उंच कुंपणामागच्या बंगल्यात शिरून "महिन्याला बटाटे किती लागतात" असं विचारू शकत नाही.

युक्रेनच्या २५.६ चंही तसंच. नमुन्यात अख्मेतोव नाही, कोलोमोइस्की नाही, म्हणजे तिथले अब्जाधीशच नाहीत. पगाराचा एक भाग पाकिटातून रोख मिळतो, तो कुणी सांगत नाही. वरचं टोक कापलं गेलं आणि मधला भाग दबला, की आकडा छान दिसतो. तो खोटा नसतो. सर्वसाधारण कुटुंबांमधला फरक तो सांगतो. ऑलिगार्कीबद्दल, म्हणजे सत्तेशी जवळीक असलेल्या मूठभर धनाढ्यांच्या (ऑलिगार्कांच्या) वर्चस्वाबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही.

बेलारूस वेगळं आहे, त्याला युक्रेनच्या ओळीत ढकलू नका. तिथं मोठे कारखाने सरकारीच राहिले, पगारश्रेणी ठरलेल्या आहेत आणि १९९० च्या दशकातली ती विक्री त्या प्रमाणात झालीच नाही. त्यामुळे तिथला कमी गिनी काही अंशी खराच आहे.

आणि लिथुएनियाकडे बघा. युरोपीय संघाच्या पाहणीनुसार तिथला गिनी ३५ ते ३६ च्या घरात, म्हणजे युरोपीय संघातल्या वरच्या आकड्यांपैकी एक. निव्वळ तक्ता वाचला तर लिथुएनिया युक्रेनपेक्षा कितीतरी विषम ठरतो. यातलं खरं किती आणि मोजणीतल्या फरकाचं किती, हे न सांगता नकाशा रंगवला की गोंधळ होतो. असे रंगीत नकाशे दर दोन-तीन महिन्यांनी फिरत असतात.

मराठी वाचकासाठी एक उदाहरण हाताशी आहे. जुलै २०२५ मध्ये भारत सरकारच्या पत्रसूचना कार्यालयानं जागतिक बँकेच्या टिपणावरून सांगितलं की २५.५ गिनीसह भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे. पहिले तीन कोण? स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि २४.४ वाला हाच बेलारूस. भारताचा तो आकडा खर्चाच्या पाहणीतला होता. श्रीमंत माणूस उत्पन्नातला मोठा भाग खर्चच करत नाही, म्हणून खर्चाचा गिनी उत्पन्नाच्या गिनीपेक्षा जवळजवळ नेहमी कमी येतो. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात पुढं लिहिलं होतं की दुसऱ्या एका विदासंचानुसार भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला. ते वाक्य फार थोड्या बातम्यांत आलं.

म्हणून गिनी छापताना कंसात तीन शब्द तरी द्या: उत्पन्न की खर्च, कोणतं वर्ष, कुणाची मोजणी.

जाता जाता: रशियन वृत्तपत्रं गिनीपेक्षा वरच्या १० टक्क्यांचं उत्पन्न भागिले खालच्या १० टक्क्यांचं उत्पन्न हे गुणोत्तर जास्त देतात. ते १९९२ मध्ये ८ होतं आणि २००८ च्या सुमारास १६ च्या वर गेलं. "श्रीमंत गरिबांपेक्षा १६ पट" असं भाषांतर केलं की वाचक संपत्ती समजतो. ते उत्पन्न आहे.

लिलाव_बघ्या

सिबनेफ्तच्या "१३० पट" वर लाल पेन्सिल चालवा.

१९९५ च्या शेवटी विकला गेला तो ५१ टक्के हिस्सा, १०.०३ कोटी डॉलरला. २००५ मध्ये गाझप्रोमनं घेतला तो सुमारे ७३ टक्के. हिस्साच वेगळा. शिवाय १९९५ मध्ये ब्रेंट तेल पिंपाला साधारण १७ डॉलर होतं आणि २००५ मध्ये ५० च्या वर. आणि जून १९९६ ची अध्यक्षीय निवडणूक समोर होती. येल्त्सिन हरले आणि कम्युनिस्ट आले, तर हे सगळं परत घेतलं जाईल अशी भीती उघड होती. या तिन्हींमुळे किंमत खाली होती.

तरीही ती फुकटातली विक्री होती, आणि हे सिद्ध करायला १३० पटीची गरज नाही. पुरावा लिलावातच आहे. सुरुवातीची बोली आणि शेवटची बोली शेजारी ठेवा:

नोरिल्स्क निकेल, ३८ टक्के: १७ कोटी डॉलरपासून सुरू, १७.०१ कोटींना विक्री.
यूकोस (तेल कंपनी), ४५ टक्के: १५ कोटींपासून सुरू, १५.९ कोटींना विक्री.
सिबनेफ्त: १० कोटींपासून सुरू, १०.०३ कोटींना विक्री.

खऱ्या लिलावात भाव असे जागच्या जागी थांबत नाहीत. नोरिल्स्कसाठी ३५.५ कोटींची दुसरी बोली आली होती. बोली लावणाऱ्याची आर्थिक हमी पुरेशी नाही, असं कारण देऊन ती बाद केली. लिलाव चालवणारी बँक आणि जिंकणारी मंडळी एकाच गटातली, हे यूकोसमध्येही झालं. मेनातेप बँकेनं लिलाव घेतला आणि तिच्याशी जोडलेल्या कंपनीनं तो जिंकला.

व्यवहाराची रचना नीट लिहा, कारण बहुतेक लेख तिला "खासगीकरण" म्हणून मोकळे होतात. सरकारला पैशांची नड होती. बँकांनी कर्ज दिलं, तारण म्हणून सरकारनं कंपन्यांचे समभाग ठेवले. कर्ज फिटलं नाही की बँकेनं ते विकायचे. कर्ज फिटणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, १९९६ च्या अर्थसंकल्पात त्याची तरतूदच नव्हती.

आणखी एक चूक सर्रास दिसते: सगळे ऑलिगार्क या तारण-लिलावातूनच निघाले असं लिहिणं. त्याआधी १९९२ पासूनचं व्हाउचर खासगीकरण आहे. प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबल दर्शनी किमतीचं एक व्हाउचर मिळालं. महागाईत त्याची किंमत वितळत गेली, लोकांनी मिळेल त्या भावाला विकलं आणि कारखान्याच्या आतल्या माणसांनी ते गोळा केलं. मोर्दाशोव्हच्या हातात सेव्हरस्ताल ही पोलाद कंपनी आली ती त्या वाटेनं. तारण-लिलावात गेलेल्या कंपन्या बाराच होत्या. गाजावाजा त्यांचा झाला, कारण त्यात तेल आणि निकेल होतं.

"खरी किंमत किती होती" याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण रशियात नाही, युक्रेनमध्ये आहे. २००४ मध्ये क्रिवोरिझस्ताल हा पोलाद कारखाना, ९३ टक्के हिस्सा, अख्मेतोव आणि पिंचुक यांच्या गटाला सुमारे ८० कोटी डॉलरला विकला. पिंचुक हे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष कुच्मा यांचे जावई. नारिंगी क्रांतीनंतर, म्हणजे २००४ च्या अखेरच्या जनआंदोलनातून सत्ता बदलल्यावर, ती विक्री रद्द झाली आणि २४ ऑक्टोबर २००५ ला दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात पुन्हा लिलाव झाला. लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीनं ४.८ अब्ज डॉलर दिले. तोच कारखाना, तोच हिस्सा, सव्वा वर्षाचं अंतर आणि सहापट भाव. तेलाचा भाव बदलला, हिस्सा बदलला, अशा सबबी इथं चालत नाहीत. चौकट करायचीच असेल तर याची करा. मित्तल नावामुळे आपला वाचक थांबेलही.

पान_तीन

माध्यमांचा प्रश्न राहिला. तिथल्या माध्यमांना "स्वतंत्र" आणि "विकलेली" अशा दोन खोक्यांत टाकू नका. १९९० च्या दशकात मोठी माध्यमं ऑलिगार्कांचीच होती: गुसिन्स्कीची एनटीव्ही, बेरेझोव्स्कीच्या ताब्यातली ओआरटी, पोतानिनची गुंतवणूक असलेली दैनिकं. ती एकमेकांविरुद्ध खरी कागदपत्रं छापत.

नमुना म्हणून १९९७ घ्या. २५ जुलैला स्व्याझइन्व्हेस्ट या दूरसंचार कंपनीच्या २५ टक्के अधिक एक समभागाचा लिलाव झाला. पोतानिनचा गट, सोबत जॉर्ज सोरोस, १.८७५ अब्ज डॉलर देऊन जिंकला. गुसिन्स्कीची बाजू हरली. त्यानंतर हरलेल्यांच्या वाहिन्यांनी आणि पत्रांनी उपपंतप्रधान चुबैस आणि त्यांच्या चमूवर तोफा डागल्या. नोव्हेंबरात बाहेर आलं की खासगीकरणावरच्या पुस्तकासाठी पाच लेखकांना, चुबैस धरून, मिळून साडेचार लाख डॉलर आगाऊ मिळाले, आणि प्रकाशन संस्था पोतानिनच्या बँकेशी जोडलेली होती.

बातमी खरी होती. ती बाहेर येण्याचं कारण मात्र लिलाव हरणं हे होतं. अशा माध्यमांसाठी वाचण्याची रीत ठरलेली आहे: प्रतिस्पर्ध्याबद्दल कागद दिला असेल तर कागद घ्या, विशेषणं सोडा. मालकाबद्दलच्या मौनावरून काहीही निष्कर्ष काढू नका. आणि बातमीच्या तारखेआधीच्या तीन महिन्यांत कुठला लिलाव किंवा खटला झाला ते बघा.

पुढं मालकी सरकली, आणि ती तारीख माहीत नसेल तर त्याच नावाचं वर्तमानपत्र दोन वेगवेगळ्या काळांत वेगळं आहे हे कळत नाही. एनटीव्ही एप्रिल २००१ मध्ये गाझप्रोमच्या ताब्यात गेली. कॉमेर्सान्त हे दैनिक २००६ मध्ये उद्योगपती उस्मानोव यांनी घेतलं. २०१४ च्या कायद्यानं माध्यमांत परकीय मालकीला २० टक्क्यांची मर्यादा घातली, तो २०१६ पासून लागू झाला. त्याआधीच २०१५ मध्ये जर्मन प्रकाशकानं फोर्ब्सची रशियन आवृत्ती विकली आणि वेदोमोस्ती या दैनिकातून परदेशी भागधारक बाहेर पडले. आरबीके या वृत्तसमूहाचे वरिष्ठ संपादक मे २०१६ मध्ये पदावरून गेले. रशियन माध्यमाचा दाखला देताना फक्त नाव देऊ नका, वर्षही द्या.

युक्रेनच्या वाहिन्यांची वाटणीही तशीच होती: १+१ कोलोमोइस्कीकडे, आयसीटीव्ही आणि एसटीबी पिंचुककडे, इंटर फिर्ताश-ल्योवोच्किन गटाकडे, उक्राइना अख्मेतोवकडे. २०२१ च्या ऑलिगार्कविरोधी कायद्यात चार निकष आहेत आणि त्यांपैकी तीन बसले की माणूस नोंदीत. माध्यमांवरचा प्रभाव हा त्यातला एक. जुलै २०२२ मध्ये अख्मेतोवनं आपले वाहिन्यांचे परवाने सरकारला परत केले. कायद्यातून सुटण्याची वाट ती.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. फोर्ब्सच्या रशियन आवृत्तीनं मे २००४ मध्ये देशातल्या १०० श्रीमंतांची यादी छापली. ९ जुलैला तिचे संपादक पॉल ख्लेब्निकोव यांना मॉस्कोत रस्त्यावर गोळ्या घालून मारलं. यादीशी त्याचा संबंध आहे असं लिहू नका, ते सिद्ध झालेलं नाही. पण या विषयावर तिथं काम करणारे कुठल्या वातावरणात लिहितात, हे एका ओळीत सांगायला हरकत नाही.

उपसंपादक_रात्रपाळी

चौकट रद्द, क्रिवोरिझस्ताल वर. सगळ्यांना धन्यवाद.

दोन गोष्टी अजून. लेखात वाक्य आहे: "निर्बंधांनी रशियन अब्जाधीशांचं कंबरडं मोडलं, २०२१ ला ११७ होते ते २०२२ ला ८३ झाले." हे चालेल का? आणि १६२ कझाकांचं कुणीच बोललं नाही.

छेदस्थानी

११७ आणि ८३ दोन्ही बरोबर आहेत, पण त्यामागचं कारण अर्धंच दिलंय.

फोर्ब्सच्या २०२२ च्या यादीसाठी शेअरभाव ११ मार्चचे धरले होते. मॉस्कोच्या शेअरबाजारात २८ फेब्रुवारीपासून २४ मार्चपर्यंत व्यवहारच बंद होते. लंडनमध्ये रशियन कंपन्यांच्या समभागांच्या बदली विकल्या जाणाऱ्या पावत्या (डिपॉझिटरी रिसीट) मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत कवडीमोल झाल्या आणि ३ मार्चला तिथलेही बहुतेक व्यवहार थांबवले. अशा आठवड्यात कुणाचीही संपत्ती मोजली तर ती खालीच दिसणार. दुकानाला कुलूप असताना मालाचा भाव विचारण्यातला प्रकार. २००८ मध्ये ८७ होते ते २००९ मध्ये ३२ झाले होते, तेव्हा कुठले निर्बंध नव्हते. शेअर आणि तेल कोसळलं होतं. आणि पुढं दोन वर्षांत संख्या पुन्हा वर गेली. अब्जाधीशांची संख्या हा शेअरबाजाराचा तापमापक आहे, विषमतेचा नव्हे.

दुसरं म्हणजे नागरिकत्व. यादी नागरिकत्वानं लावतात. २०२२ मध्ये मिलनेर, तिन्कोव, स्तोरोन्स्की या उद्योजकांनी रशियन नागरिकत्व सोडलं. तुर्लोव यांनी कझाकस्तानचं घेतलं. म्हणजे माणसं आणि पैसे जिथल्या तिथं आणि देशांच्या संख्या मात्र बदललेल्या. ओदेसात जन्मलेले ब्लावात्निक तर कित्येक वर्षं अमेरिका-ब्रिटनच्या खात्यात मोजले जातात.

तिसरं, विनिमयदर. २०१४ च्या सुरुवातीला डॉलरला ३३ रुबल पडत, वर्षअखेर ५६. रुबलमध्ये एक पैही कमी झाली नाही, असा माणूस डॉलरमध्ये ४० टक्के गरीब झाला. "रशियनांचं उत्पन्न ४० टक्क्यांनी घटलं" अशा बातम्या अशाच बनतात. त्यानं मॉस्कोतच ब्रेड घेतला तर त्याला तेवढा फटका बसत नाही. आयात फोन घेतला तर बसतो. राहणीमानावर लिहिताना रुबलमधलं वास्तव उत्पन्न घ्या, जागतिक तुलनेसाठी क्रयशक्तीवर आधारलेलं. डॉलर फक्त मालमत्ता परदेशात हलवण्याबद्दल लिहिताना.

त्यावरून आठवलं: परदेशात असलेली संपत्ती मघाच्या अंदाजांतून बऱ्याचदा सुटते. नोवोक्मेत, पिकेटी आणि झुकमन या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती उलट बाजूनं मोजली. रशिया दरवर्षी आयातीपेक्षा कितीतरी जास्त निर्यात करत होता, म्हणजे त्या प्रमाणात परकीय मालमत्ता साठायला हवी होती. अधिकृत हिशेबात ती फार कमी दिसते. ती गळती आणि परतावा धरून त्यांचा अंदाज निघाला: २०१५ च्या सुमारास परदेशात लपलेली संपत्ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७५ टक्के. म्हणजे रशियातल्या सगळ्या कुटुंबांची देशात जेवढी आर्थिक बचत, साधारण तेवढीच बाहेर. त्यांच्याच हिशेबात वरच्या १० टक्क्यांचा उत्पन्नातला वाटा १९९०-९१ मध्ये २५ टक्क्यांच्या खाली होता, तो १९९६ पर्यंत ४५ च्या वर गेला. लेखाला एकच आकडा घ्यायचा असेल तर मी हा घेईन. पद्धत उघड आहे आणि कुठल्या शेअरभावाच्या तारखेवर तो टांगलेला नाही.

दप्तरी

लेखात "अमुक याच्या मालकीचा लंडनमधला बंगला" वगैरे असेल तर कागद कुठं मिळतो ते टाकतो, कारण अर्धी दारं आता बंद आहेत.

रशियाच्या जमीन नोंदणीत पूर्वी फी भरून मालकाचं नाव कुणालाही मिळे. विरोधी नेते नवाल्नी यांच्या संस्थेचे २०१७ आणि २०२१ चे गाजलेले व्हिडिओ अशा नोंदी आणि ड्रोनच्या चित्रणावर उभे होते. १ मार्च २०२३ पासून मालकाच्या संमतीशिवाय त्याची माहिती तिऱ्हाइताला मिळत नाही. अधिकाऱ्यांची मालमत्ता विवरणं जाहीर करणं डिसेंबर २०२२ च्या फर्मानानं थांबलं. त्यामुळे २०२३ नंतरच्या बातमीत "नोंदीनुसार" लिहिलं असेल तर कुठल्या नोंदीनुसार, हे विचाराच. ती बहुधा फुटलेल्या विदासंचातली असते, आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

युक्रेन उलट दिशेला. अधिकाऱ्यांची ऑनलाइन विवरणं २०१६ मध्ये सुरू झाली, युद्धात बंद झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा खुली झाली. शोध मोफत आहे.

युरोपीय संघात कंपनीचा खरा लाभार्थी कोण, याच्या नोंदी सर्वांना खुल्या होत्या. संघाच्या न्यायालयानं २२ नोव्हेंबर २०२२ ला तो खुलेपणा रद्द केला आणि काही देशांनी लगेच दारं लावली. ब्रिटनची कंपनी नोंदणी मात्र मोफत आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून परदेशी कंपन्यांच्या नावावरच्या मालमत्तेसाठी वेगळी नोंदही आहे. ट्रस्टमागे लपलेला माणूस तिथंही सुटतो.

करायचं असं. नाव आधी सिरिलिकमध्ये मिळवा, वडिलांच्या नावासकट, कारण फक्त इव्हान पेत्रोव शोधलात तर शेकडो सापडतील. ब्रिटिश नोंदीत जन्माचा महिना आणि वर्ष असतं, ते दुसऱ्या एखाद्या कागदाशी जुळवा. हे न जुळवता छापणं सगळ्यात धोक्याचं. नामसाधर्म्यातून चुकीच्या माणसाला बंगला चिकटतो. लॅटिन लिपीत एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं होतात, ती सगळी टाका. शेवटी नोंदीची तारीख बघा, कारण निर्बंध येण्याच्या आधल्या आठवड्यांत हिस्से बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. "मालकीचा आहे" आणि "अमुक तारखेपर्यंत मालकीचा होता" यात कोर्टात फरक पडतो.

पाहणीवाला

१६२ चं राहिलं होतं.

हा आकडा केपीएमजी या सल्लागार कंपनीच्या २०१९ च्या एका अहवालातला. तो अहवाल विषमतेवरचा नव्हता, कझाकस्तानातल्या खासगी गुंतवणुकीच्या बाजारावरचा होता. ५ कोटी डॉलरच्या वर संपत्ती असलेले १६२ जण, आणि त्यांच्याकडे ५५ टक्के. संपत्ती मोजण्याच्या वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी इथंही लागू.

तो गाजला जानेवारी २०२२ मध्ये. १ तारखेपासून झानाओझेन या तेलगावात गाडीच्या गॅसचा भाव लिटरला ६० टेंगेवरून १२० झाला. २ तारखेला लोक रस्त्यावर आले, तीन-चार दिवसांत अल्माटी पेटलं. २१ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी उद्योगपतींसमोर बोलताना १६२ जण आणि निम्मी संपत्ती असा उल्लेख केला. ५५ चे "निम्मे" झाले ते त्या भाषणात. त्याच भाषणात त्यांनी निम्म्या लोकसंख्येचं मासिक उत्पन्न ५०,००० टेंगेपेक्षा जास्त नाही, असंही सांगितलं. याचं भाषांतर करताना "पगार" लिहू नका. मुलं आणि पेन्शनरही लोकसंख्येत येतात.

म्हणजे बातमीचा उगम सल्लागार कंपनी, पण प्रसिद्धी सत्ताधाऱ्याची, आणि तीही माजी राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांच्या गोतावळ्याला बाजूला सारण्याच्या दिवसांत. पान_तीन यांची तीन महिन्यांची कसोटी इथं लावून बघा. आकडा वापरा, पण "तोकायेव यांनी केपीएमजीच्या २०१९ च्या अहवालाचा हवाला देत सांगितलं" एवढं वाक्य त्याच्या मागं जोडाच.

आणि जागा असेल तर झानाओझेनचं दुसरं वर्षही द्या. मे २०११ पासून तिथले तेलकामगार संपावर होते. सात महिने त्यांना बाहेरच्या माध्यमांत जेमतेम जागा मिळाली. १६ डिसेंबर २०११ ला पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा जगभर बातमी झाली. २०२२ ची ठिणगी त्याच गावात पडली हे बहुतेक वृत्तसंस्थांनी लिहिलं, पण संपाच्या मागण्या काय होत्या, हे लिहिणारे थोडेच. त्या मागण्या पगाराच्या होत्या.

उपसंपादक_रात्रपाळी

११७ आणि ८३ चं वाक्य काढलं. गिनीच्या कंसात तीन शब्द येतील. १६२ मागे तोकायेव लागले. २०११ साठी दीडशे शब्दांची जागा निघाली आहे, ती ब्लावात्निकांच्या फोटोच्या जागेवर.